मदत न करण्याची सावड

साठीनंतर कोंढाळवाडीच्या माणसाला धडधाकट असं एकही वर्ष उरत नाही, असं पुण्यात ठरलं. ठरलं त्या दिवशी साळूबाई करवंदाच्या जाळीत कंबरेपर्यंत शिरून एका शेळीशी भांडत होती. शेळी हरली.

कोंढाळवाडी वेल्ह्याच्या अंगाला, पालीच्या मागच्या डोंगरसोंडेवर. खालून बघितलं तर घरं दिसत नाहीत, नुसता धूर दिसतो. साळूबाई तिथं सत्तरी मागे टाकून मजेत होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा कुमार भोरला पाण्याच्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेली तार नव्यानं गुंडाळून द्यायचं, दुकान चालवतो, आणि ही सगळी भानगड त्याच्यामुळंच वर आली.

झालं असं की भोरच्या एका सभागृहातली पाण्याची मोटार जळाली आणि कुमारला बोलावणं आलं. आत म्हातारपणावर व्याख्यान चाललेलं. हात पुसत तो दारात उभा राहिला तर पडद्यावर गावोगावच्या पट्ट्या. प्रत्येक गावाला दोन: साठीनंतर माणूस किती वर्षं जगतो ती एक, आणि त्यातली किती वर्षं हातीपायी धड जगतो ती दुसरी. बोलणारे साहेब सांगत होते की नुसतं जगणं मोजून भागत नाही, दुसरी पट्टी पहिलीच्या मागं किती पडते ते बघायचं. नसरापूरची दुसरी पट्टी जरा आखूड होती. पालीची बरी होती. कोंढाळवाडीची पहिली पट्टी सगळ्यांत लांब, आणि दुसरी नव्हतीच.

नव्हतीच म्हणजे नव्हतीच. साहेबांनी काठीनं तिथली मोकळी जागा दाखवली. सभागृहात चुकचुकाट झाला, आणि कुमारच्या शेजारचा माणूस त्याला म्हणाला, तुमची आई तिकडंच असते ना हो?

प्रश्न. दुसऱ्याच्या मदतीशिवाय पाणी भरता येतं का?

पाच वर्षांपूर्वी हा प्रश्न साळूबाईला विचारला होता तो शिवानीनं. शिवानी भोरचीच मुलगी, पुण्याच्या संस्थेसाठी गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांना प्रश्न विचारायचं काम करते. साळूबाईनं तेव्हा तिच्याकडं असं बघितलं होतं की पोरीला उन्हात काही झालं की काय.

"एकटीनं कशाला भरू? माझं काय समदं गाव मेलंय व्हय?"

शिवानीनं लिहिलं: नाही.

सरपण एकटीनं आणता येतं का? न्हाई बाई, रतनबाई असती. शेतातलं काम? त्याला तर सारी वाडी असती. मग शिवानी भिमाकडं गेली. भिमा शेजारचा, शेळ्या राखणारा, साळूबाईहून थोडा लहान. त्यानं तर प्रश्न पुरा होऊ दिला नाही. जो माणूस एकटा काम करतो त्याच्याशी आमी बोलत न्हाई, म्हणाला.

कारण वाडीत सावड चालते. आज तू माझ्या लावणीला ये, उद्या मी तुझ्या लावणीला येतो. पैसा नाही, लिहिणं नाही. दिवस डोक्यात ठेवायचा आणि दिवसानं फेडायचा. माणूस आला, उन्हं उतरेपर्यंत थांबला, की दिवस भरला. मग काम होवो न होवो. एका साली भिमाच्या बैलानं ऐन चिखलात बसकण मारली, तो दिवसभर उठला नाही, सगळी वाडी बांधावर बसून बैलाकडं बघत राहिली. तो दिवसही सगळ्यांचा भरला आणि भिमानं तो घरोघर फेडला. म्हातारी गेली तर तिचे दिवस मुलानं फेडायचे. आणि एकट्यानं काम करणं म्हणजे काय, तर ज्याच्या दारात कुणी येत नाही त्याची गत. ती वाडीत आजवर एकाचीच झाली होती आणि त्याचं नाव अजून कुणी घेत नाही.

तेव्हा वाडीतल्या यच्चयावत म्हाताऱ्यांनी छाती पुढं काढून सांगितलं: मदत लागते. यंत्रानं बेरीज केली. दुसरी पट्टी गेली.

सूचना. उत्तर 'नाही' असल्यास घरच्यांना विचारा: यांची काळजी कोण घेतं?

कुमार वर आला तो तोंड पाडून. भोरात दुसऱ्या मजल्यावर खोली आहे, तिथं चल म्हणाला. लोक मला विचारतात, आई अंथरुणाला खिळलीय आणि तू इथं मोटारी गुंडाळतोस.

साळूबाई तेव्हा अंथरूण वाळत घालायला छपरावर चढलेली होती. तिनं वरूनच विचारलं, कोण खिळलंय?

दिवसभर वाद झाला. भोरात राहायचं म्हणजे काय ते तिनं दिवाळीला चार दिवस पाहिलं होतं. तिथं नळाला पाणी होतं, खिडकीला जाळी होती आणि तिचं कुणी काही लागत नव्हतं. कुणाला तिचा एक दिवस द्यायचा नव्हता, कुणाकडून तिला घ्यायचा नव्हता. जिन्यात भेटलेल्या बाईला तिनं पिशवी उचलू लागते म्हटलं तर बाईनं पिशवी छातीशी धरली. त्या चार दिवसांत मात्र साळूबाईला खरंच म्हातारं झाल्यासारखं वाटलं होतं.

शेवटी कुमारनं अट घातली. दर पाच वर्षांनी ही मोजणी परत होते, बदल झाला का बघायला. या वैशाखात शिवानी येणार. तिनं तुला धड म्हटलं तर राहा. नाही म्हटलं तर पावसाच्या आधी पप्पूचा टेम्पो घेऊन येतो, आणि मग तुझं काही ऐकायचा नाही.

साळूबाई हसली. धड तर ती होतीच. तिनं कबूल केलं.

प्रश्न. मागच्या फेरीतलं उत्तर वाचून दाखवलं का?

वाचून दाखवलं. शिवानी मोजणीच्या आधी एकदा भेटून गेली, तेव्हा नियमाप्रमाणं जुनी उत्तरं वाचली. नाही, नाही, नाही, नाही. साळूबाई ऐकत गेली आणि तिचा रंग उतरत गेला.

"म्हंजी म्या खरं सांगितलं म्हून लुळी झाले?"

शिवानी म्हणाली, आजी, मी काही शिकवू शकत नाही. या वेळी एक दिवस पूर्ण बघायचं आहे, सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत. जे कराल ते एकटीनं. कुणी हात लावला तर मला लिहावं लागेल.

ती गेल्यावर साळूबाई तडक रतनबाईकडं गेली. रतनबाई आणि ती एकाच साली वाडीत नांदायला आलेल्या, आणि तेव्हापासून एकीचा हंडा दुसरीनं उचलून दिल्याखेरीज डोक्यावर चढलेला नाही. रतनबाईनं सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ तांदूळ निवडला आणि म्हणाली, एकटीनं एवढं कसं जमंल तुला. आमी येतो.

(हा भाग सर्वेक्षकानं भरू नये)

बैठक भिमाच्या खळ्यावर बसली. प्रश्न एवढाच, की साळूबाईला एकटीनं करता यावं म्हणून वाडीनं काय काय करायचं.

पहिल्यांदा ठरलं की सगळ्यांनी यायचं. कारण कोण कुठून मदत करून जाईल सांगता येत नाही, तेव्हा प्रत्येकानं प्रत्येकावर नजर ठेवलेली बरी. मग मदत कशाला म्हणायचं यावर जुंपली. वाटेतला धोंडा बाजूला केला तर? मदत. कुत्रं बांधलं तर? यावर दोन तट पडले. भिमा म्हणाला, बांधलं तर मदत व्हती, न्हाई बांधलं तर ते वैनीच्या पायात येणार. बऱ्याच खलानंतर रतनबाईनं स्वतःच्या कारणासाठी, साळूबाईचा विचारही मनात न आणता, कुत्रं बांधावं असं ठरलं. रतनबाई म्हणाली, मनात न आणणं मला जरा जड जाईल, पण बघते.

खालच्या वस्तीवरच्या बायकांनी निरोप धाडला की आम्हीही येतो मदत न करायला, मागल्या वर्षीचा तुमचा दिवस अंगावर आहे.

प्रश्न. निरीक्षणाच्या दिवशी घरात किती जण हजर होते?

शिवानी दिवस उगवताना आली तर अंगण भरलेलं. तिनं विचारलं, काय कार्य आहे का. रतनबाई म्हणाली, न्हाई न्हाई, आमी काहीच करायला आलो न्हाई.

पाण्याला निघाली तशी साळूबाईच्या मागं रांग निघाली. झऱ्यावर तिनं हंडा भरला. भरलेला हंडा एकटीनं डोक्यावर घेणं ही काय चीज असते ते वाडीतल्या कुठल्याही बाईला ठाऊक नव्हतं, कारण कुणी कधी घेतलाच नव्हता. साळूबाईनं तो गुडघ्यावर घेतला, मग दगडाच्या कठड्यावर, मग कठड्यापुढं वाकून डोकं त्याच्याखाली घातलं. सगळ्या बायका हात पाठीमागं बांधून श्वास धरून उभ्या. रतनबाईचा उजवा हात आपोआप पुढं आला. तिनं तो डाव्या हातानं धरला, ओढत मागं नेला, खाली बसली आणि दोन्ही हातांवर बूड टेकून बसून राहिली. तिच्या तोंडावर घाम होता. हंडा चढला तेव्हा साळूबाईपेक्षा तीच जास्त दमलेली दिसत होती.

मग खुर्ची. संस्थेची लोखंडी घडीची खुर्ची, सगळ्या जिल्ह्यात एकाच उंचीची. तिच्यावर बसायचं आणि हातांचा आधार न घेता पाच वेळा उठायचं. खुर्ची उतारावर डुलायला लागली म्हणून अंगण उकरून बसवली. ते शिवानीनं स्वतःच केलं, म्हणून त्यावर वाद झाला नाही. साळूबाई आयुष्यात खुर्चीवर बसली होती ती कुमारच्या लग्नात, फोटोपुरती. आताही बसली आणि पाय जमिनीला पोचेनात. मग उठायचं कसं? तिनं उडी मारली. परत चढली, परत उडी मारली. पाचही वेळा. शेवटच्या उडीला अंगणात कौतुकाची कुजबुज झाली. शिवानीनं छापील पर्याय वरून खाली आणि खालून वर वाचले. त्यात उडी नव्हती.

मग चालणं. फीत लावून चार मीटर आखले आणि शिवानी म्हणाली, नेहमीच्या चालीनं चाला.

साळूबाईनं विचारलं, जायचं कुठं?

कुठं नाही आजी, नुसतं या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"काम न्हाई तर जाऊ कशाला?"

ती तिथंच उभी राहिली. हट्ट नव्हता. पायच उचलेनात, कारण त्या टोकाला काही नव्हतं. नेहमीची चाल ही कुठं जायचंय त्याच्यावर असते हे तिला सांगता येत होतं, पण शिवानीला लिहिता येत नव्हतं. उन्हं वर आली. वाडी अस्वस्थ झाली. तेवढ्यात भिमाची एक शेळी, ती करवंदाच्या जाळीत हरलेलीच, साळूबाईच्या परसातल्या मिरचीकडं निघाली. साळूबाई फितीवरून अशी गेली की शिवानीचं घड्याळ सुरू व्हायच्या आत ती शेळीच्या कानाला होती.

शेळी कुणी सोडली असं शिवानीनं विचारलं.

भिमा म्हणाला, तिच्या मनानं गेली. शेळीला कुठं सावड कळती.

शेवटचा प्रश्न

उन्हं उतरली. शिवानी ओट्यावर बसली. सकाळपासूनच्या सगळ्या चौकटींत तिनं "मदतीशिवाय" वर खूण केली होती, आणि ती खूण साळूबाईला दिसावी म्हणून कागद जरासा कलता धरला होता. माणसं भिंतीला, पडवीला, पायरीला टेकून बसलेली. एक प्रश्न राहिला होता. तो सगळ्यांना विचारतात आणि कुणी त्याच्याकडं लक्ष देत नाही.

"आजी, आज दिवसभरात, या चाचण्यांना, तुम्हाला कुणाची काही मदत झाली?"

शिवानीचं पेन "नाही" वर टेकलेलं होतं. एवढं एक म्हणायचं आणि भोरचा दुसरा मजला टळायचा.

साळूबाईनं तोंड उघडलं. मग तिचं लक्ष रतनबाईकडं गेलं. रतनबाई झऱ्यावरून अंगणात आल्यावरही हातांवरच बसलेली होती. दिवसभर बसून बोटं सुजली होती आणि तिच्या ते लक्षातही नव्हतं. खालच्या वस्तीच्या बायका पोरंबाळं घरी टाकून आलेल्या. भिमाचा मिरचीचा गुन्हा. ही सगळी माणसं सकाळपासून तिच्यासाठी राबली होती. त्यांच्या तोंडावर सांगायचं, की कुणी आलं नाही?

"समद्यांची," साळूबाई म्हणाली.

शिवानीनं पेन उचललं नाही. आजी, नीट ऐका, म्हणाली, आणि परत विचारलं.

"नीटच ऐकलंय, पोरी. एकबी माणूस घरी राहिला न्हाई. लिव्ह."

शिवानीनं लिहिलं. शेवटच्या उत्तरानं वरची सगळी उत्तरं बाद झाली, आणि नियमाप्रमाणं मागच्या फेरीतली पुढं ओढली गेली. वाडीतल्या बाकीच्या म्हाताऱ्यांनीही मागचंच सांगितलेलं, तेव्हा पुण्याला निकाल लागला: पाच वर्षांत बदल नाही. फक्त पहिली पट्टी आणखी लांब झाली होती. पडद्यावर मावेना म्हणून बाकी गावं बारीक करावी लागली.

घरच्यांसाठी

ठरल्याप्रमाणं पप्पूचा टेम्पो आला. पप्पू नसरापूरचा, त्याला भाड्याशी मतलब. कुमार गाठोडी बांधायला लागला आणि साळूबाई एकेक भांडं त्याच्या हाती देत राहिली, कारण शब्द तिनंच दिला होता. गाठोडी दोनच झाली. तिसरं बांधायच्या आत रतनबाई दारात आली, मागं भिमा, मागं वाडी.

रतनबाईनं शांतपणानं सांगितलं की आईला ने, आमचं काही म्हणणं नाही. फक्त सावड फेडून ने. त्या दिवशी आम्ही सगळे साळूबाईसाठी उन्हं उतरेपर्यंत थांबलो. घराघराचा एक दिवस तिच्यावर आहे.

"काम काय केलंत तुमी?" कुमारनं विचारलं.

"काहीच न्हाई केलं. तेच काम व्हतं."

कुमारनं भिमाकडं बघितलं. भिमाला आपला बैल आठवला आणि त्यानं मान डोलावली. तो दिवस कुमारच्या बापानंही बांधावर बसून भरला होता आणि भिमानं तो इमानानं फेडला होता. आता न मानणं म्हणजे त्या एकाच्या रांगेत जाणं, ज्याचं नाव कुणी घेत नाही.

मग मी फेडतो, कुमार म्हणाला. ती निघाली तर दिवस माझ्यावरच येतात. नुसतं बसायचं, त्यात काय. पप्पूला म्हणाला थांब, आणि रतनबाईच्या ओट्यावर जाऊन बसला.

अट सोपी होती: उन्हं उतरेपर्यंत रतनबाईला मदत करायची नाही. केली की दिवस गेला. रतनबाईनं त्या दिवशी नेमकी सगळी जड कामं काढली. जातं हलवलं. कौलं उतरवली. कुमार दात आवळून बसला. दुपारी ती गवताचा भारा घेऊन पायरी चढताना भारा एका बाजूला कलला, आणि कुमार उठून तो धरून उभा असलेला त्याला स्वतःलाच दिसला.

"गेला दिस," भिमा पडवीतून म्हणाला. आणि वरून, भारा धरल्याबद्दल रतनबाई कुमारच्या घराला एक दिवस देणं लागली. तो ती फेडणार साळूबाईच्या लावणीला, तेव्हा लावणीला साळूबाई इथं असायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी कुमार तोंड भिंतीकडं करून बसला. जेवणापर्यंत टिकला. मग रतनबाईनं परसात कित्येक वर्षं नुसती पडून असलेली पाण्याची मोटार चालू केली आणि मोटार नुसती घुमायला लागली. पाणी नाही. घुं. रिवाइंडिंगवाल्याच्या कानाला तो आवाज म्हणजे कुणी लहान मूल रडत ठेवावं तसा. बंद करा, म्हणाला. रतनबाई म्हणाली, तू बस बाबा, आमचं आमी बघू, आणि चालूच ठेवली. कुमारनं कानात बोटं घातली. मग जळका वास आला.

साळूबाई झऱ्याकडून वर आली तेव्हा तो परसात उकिडवा बसून मोटार उघडत होता. हात काळे झालेले. पाठीमागं पप्पू विचारत होता, टेम्पो रिकामा नेऊ का? कुमारचं डोकं मोटारीत होतं, तेव्हा त्यानं निदान संस्थेची विसरलेली खुर्ची भोरला पोचवायची म्हणून मागं उभी बांधली. टेम्पो उतरणीला लागला आणि खुर्ची डुलत, गावाकडं तोंड करून, खाली गेली.

साळूबाई भरल्या हंड्यासकट घराकडं वळली, मग विचार बदलून तिनं तो रतनबाईच्या पायरीवर उतरवला.

"कुमार," ती म्हणाली, "घरापातूर न्यायचाय. उचलू लाग."

कुमारनं काळे हात पँटला पुसले. पडवीत भिमा होता, ओट्यावर रतनबाई. दोघंही दुसरीकडं बघत होते. त्यानं हंडा उचलला आणि आईच्या डोक्यावर ठेवला. ती चालू लागली, नेहमीच्या चालीनं.